मेडिकलवर गोळी मागू नका, त्रास सांगा

नाशिकमध्ये पावसाळ्यात संध्याकाळी सातच्या सुमारास सिडकोतल्या किंवा नाशिकरोडच्या कुठल्याही मेडिकलसमोर पाच मिनिटं उभं राहा. "दादा, सर्दीचं काहीतरी द्या." "अंग दुखतंय, एक डोस बांधा." "मागच्या वेळची ती पिवळी गोळी द्या ना." काउंटरवरचा मुलगा कात्री उचलतो, तीन स्ट्रिपांतून दोन-दोन गोळ्या कापतो, कागदाच्या पुडीत टाकतो आणि वर पेनाने १-०-१ लिहितो. डॉक्टरांची फी वाचली म्हणून गिऱ्हाईक खूश. पुडीत नेमकं काय गेलं, हे मात्र त्याला घरी जाऊनही कळत नाही.

किरकोळ दुखण्यासाठी मेडिकलवर जाण्यात काहीच गैर नाही. साधी सर्दी, दोन जुलाब, जळजळ, गजकर्ण, डास-किडा चावून आलेली गांध यासाठी दरवेळी दवाखान्यात दोन तास बसायची गरज नसते. पण मेडिकलवरून आणायची गोष्ट गोळी नाही, सल्ला आहे. गोळी त्यामागून येते, आणि बऱ्याचदा तिची गरजही पडत नाही.

काउंटरवर कोण उभं आहे, ते आधी बघा

दुकानात तिघं-चौघं असतात आणि त्यांतला फार्मासिस्ट बहुधा एकच असतो. फार्मसीचा डिप्लोमा किंवा पदवी घेतलेला आणि राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंदलेला माणूस म्हणजे फार्मासिस्ट. औषध त्याने स्वतः द्यावं किंवा त्याच्या देखरेखीखाली दिलं जावं, असा कायदा आहे. दुकानाचा परवाना आणि फार्मासिस्टचं नाव भिंतीवर फ्रेममध्ये लावलेलं असतं. पांढरा ॲप्रन ही दुसरी खूण, पण उकाड्यात तो खुर्चीच्या पाठीवर टांगलेलाही असतो, म्हणून सरळ विचारावं: "फार्मासिस्ट कोण आहेत? थोडं विचारायचं होतं." यात कुणाचा अपमान होत नाही. रुग्णाला औषधाबद्दल समजावून सांगणं हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी फार्मासिस्टचं कामच ठरवलं आहे.

एकच दुकान धरून ठेवा, शक्यतो गल्लीतलं. गोळे कॉलनीत औषधांच्या होलसेलचा बाजार आहे, तिकडे चार पैसे सुटतीलही. पण घरातल्या कुणाला बीपी आहे, कुणाला सल्फाची ॲलर्जी आहे, हे लक्षात ठेवणारा माणूस जवळच्या दुकानातच मिळतो. दुकान निवडताना माझी एक साधी कसोटी आहे: मागितलेलं औषध "हे मी देणार नाही, आधी डॉक्टरांना दाखवा" असं सांगून जो नाकारतो, तो आपला. अशा दुकानदारावर लोक चिडून पुढच्या दुकानात जातात, हे या शहराचं दुर्दैव.

त्याला काय देता येतं आणि काय नाही

इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून घसादुखी, लघवीची जळजळ, नागीण अशा सात आजारांवर ठरलेल्या चौकटीत फार्मासिस्टच औषध देतात, गरज असेल तर अँटिबायोटिकसुद्धा. तिकडे शिकायला गेलेली मुलं फोनवर हे सांगतात आणि इथे आईवडिलांना वाटतं, आपल्याकडेही तसंच. आपल्याकडे तसं नाही. शेड्यूल एच, एच१ आणि एक्स या याद्यांतली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. एच१ मधल्या औषधांसाठी दुकानदाराला रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. ही तरतूद मार्च २०१४ पासून आहे.

स्ट्रिपच्या कडेला उभी लाल रेघ दिसली, तर ते औषध चिठ्ठीचं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. "अझिथ्रोच्या तीन गोळ्या द्या, माझा घसा त्यानेच बरा होतो" हे वाक्य नाशिकमध्ये रोज हजार वेळा बोललं जात असेल. घसा बहुतेक वेळा व्हायरसने धरलेला असतो, त्यावर ती अँटिबायोटिक गोळी काहीच करत नाही. तो बरा होतो कारण चार दिवसांत तो तसाही बरा होणारच असतो.

घरातून निघण्याआधी

काही त्रास मेडिकलचे नाहीतच. छातीत दाब किंवा कळ, सोबत घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, शुद्ध हरपणं: अशा वेळी १०८ लावा. "ॲसिडिटी असेल" म्हणत सोड्याची पुडी घेऊन बसलेल्या पन्नाशीच्या माणसाला हार्ट अटॅक आलेला असतो, आणि तो वेळ परत मिळत नाही.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर थेट डॉक्टर. गरोदर बाईने स्वतःच्या मनाने काहीच घेऊ नये. उलटीत किंवा शौचात रक्त, मान आखडणारा ताप, तीन दिवसांहून जास्त टिकलेला ताप, आपोआप घटणारं वजन, दोन आठवड्यांहून जुना खोकला (इथे टीबीची तपासणी लागते) हे सगळं दवाखान्याचं. कुत्रा चावला, साधं ओरखडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी निघा. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

आपल्या जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर छाटणीनंतर निफाड, दिंडोरीकडे द्राक्षबागांत फवारण्यांचा धडाका सुरू होतो. दिवसभर फवारून आलेला माणूस संध्याकाळी मेडिकलवर येतो: डोकं दुखतंय, मळमळतंय, एखादी गोळी द्या. त्याला दरदरून घाम सुटला असेल, तोंडाला लाळ येत असेल, नजर धूसर झाली असेल, तर ती विषबाधा असू शकते. अंगावरचे कपडे काढून त्याला साबणाने नीट धुवायचं, फवारणीच्या औषधाचा डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत घ्यायचं आणि हॉस्पिटल गाठायचं. त्याला डोकेदुखीची गोळी देऊन घरी निजवणं जिवावर बेतू शकतं.

पैशांचा प्रश्न असेल तर त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार विनाशुल्क आहेत. महापालिकेची डॉ. झाकीर हुसेन आणि बिटको ही रुग्णालयंही आहेत. रांग असते, हे खरं.

काउंटरवर काय सांगायचं

कुणासाठी, वय किती, मूल असेल तर वजन किती. त्रास काय आणि कधीपासून. आधी काय घेऊन झालं. चालू गोळ्या कोणत्या. ॲलर्जी कसली. बीपी, शुगर, किडनी, दमा, अल्सर, थायरॉइड यांतलं काही आहे का. बोलायला अर्धं मिनिट लागतं. चालू गोळ्यांची नावं आठवत नसतील तर स्ट्रिपांच्या मागच्या बाजूचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. "ती छोटी पांढरी" या वर्णनाच्या दुकानात दोनशे गोळ्या असतात.

याने काय फरक पडतो, ते एका साध्या संवादात दिसतं. सून सासऱ्यांसाठी आली आहे.

"दादा, जुलाब थांबायची गोळी द्या."

"कुणाला होतायत, ताई?"

"बाबांना. अडुसष्ट वर्षांचे आहेत. सकाळपासून सहा वेळा गेलेत."

"ताप आहे? रक्त, आव?"

"नाही. पाण्यासारखे आहेत."

"बीपीची गोळी चालू आहे का? लघवी जास्त होणारी?"

"हो, बीपीची आहे. सकाळीच दिली."

"मग थांबवायची गोळी राहू द्या. ओआरएस देतो, थोडं थोडं पाजत राहा. बीपीच्या गोळीचं डॉक्टरांना आत्ताच फोन करून विचारा, अंगातलं पाणी कमी झालं की तिने बीपी फार उतरतं आणि किडनीवर ताण येतो. रात्रीपर्यंत लघवी झाली नाही, चक्कर आली, तर घेऊन जा."

बिल झालं ओआरएसच्या चार पाकिटांचं. नुसती "जुलाबाची गोळी" घेऊन ती गेली असती, तर बीपीच्या गोळीचा विषयच निघाला नसता.

ताप: जूनपासून दिवाळीपर्यंत फक्त पॅरासिटामॉल

या शहरात पावसाळा म्हणजे डेंग्यू आणि चिकनगुनिया. तापाचं कारण कळेपर्यंत आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन, मेफेनॅमिक ॲसिड यांतलं काहीही नको. डेंग्यूत प्लेटलेट कमी झालेल्या असतात, त्यात या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. अंगदुखीवर सर्रास घेतली जाणारी कॉम्बिफ्लॅम म्हणजे आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र. "एक डोस बांधा" म्हटल्यावर पुडीत यांतलीच एखादी गोळी येण्याची शक्यता बरीच असते, म्हणून त्या पुडीवर माझा राग.

मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि २४ तासांत सगळं मिळून ४,००० मिलिग्रॅमच्या वर नाही. वजन कमी असेल, लिव्हरचा त्रास असेल, रोज दारू होत असेल, तर ही मर्यादा आणखी खाली येते. फार्मासिस्टला मोकळेपणाने सांगा. घोटाळा होतो तो असा: डोलो ६५० दिवसातून चार वेळा, म्हणजे २,६०० मिलिग्रॅम. सोबत सर्दीची सिनारेस्टसारखी गोळी तीन वेळा, आणि तिच्यातही ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, म्हणजे १,५००. बेरीज ४,१००. दोन वेगळ्या गोळ्या घेतोय असं वाटत असतं आणि औषध एकच जात असतं. स्ट्रिप उलटी करा, बारीक अक्षरं मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठी करून घटक वाचा.

मुलांचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. बारा किलोच्या मुलाला १२० ते १८० मिलिग्रॅम. एका सिरपमध्ये ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात ५ मिलीत २५०, आणि बाटल्या जवळजवळ सारख्या दिसतात. "नेहमीसारखं पाच मिली" म्हणून दुसऱ्या बाटलीतून दिलं तर डोस दुप्पट होतो. तान्ह्यांचे ड्रॉप्स तर आणखी तीव्र असतात. बाटलीसोबतचं मापच वापरा, घरातला चमचा नको. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर २०११ पासून बंदी आहे, तरी जुन्या बाटलीतून ते आजही पाजलं जातं.

ताप उतरला म्हणून डेंग्यू गेला असं धरू नका. ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच जास्त धोक्याचे असतात. पोट दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, अंगावर लाल ठिपके, गळून जाणं यांतलं काहीही दिसलं तर लगेच ॲडमिट होण्याच्या तयारीने निघा.

सर्दी-खोकला

वाफ, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, नाकात सलाइनचे थेंब. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब पाच दिवसांवर वापरू नका, नाहीतर नाकाला सवय लागते आणि थेंब बंद केले की ते जास्तच चोंदतं. बीपी असेल तर फिनाइलेफ्रिन असलेली सर्दीची गोळी विचारल्याशिवाय नको. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांना सर्दीच्या गोळीतल्या क्लोरफेनिरामिनने लघवी तुंबू शकते. याच गोळीने झोपही येते. अंबड, सातपूरला नाइट शिफ्ट करून पहाटे बाइकवर परतणाऱ्याने ती घेऊन गाडी चालवू नये.

लहान मुलांचं खोकल्याचं औषध हा वेगळाच विषय झाला आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी रसायन मिसळलेल्या सिरपने लहान मुलं दगावली. त्यावर केंद्राने स्पष्ट सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांपर्यंतही ती सहसा टाळावीत. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखाली नको, ही सूचना त्याआधीची, २०२३ ची. वर्षाच्या वरच्या मुलाला रात्री चमचाभर मध चालतो. वर्षाच्या आत मधही नाही. मुलाचा श्वास जोरात चालत असेल, बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर सिरपचा विचार सोडा आणि डॉक्टर गाठा.

जुलाब

ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. छोटं पाकीट २०० मिलीत. पाकिटावर लिहिलेलं असतं, तरी घरोघरी चूक तीच: अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात, उरलेलं दुमडून फ्रिजवर. त्याने द्रावण फार खारट होतं आणि जुलाब वाढू शकतात. एकदा कालवलेलं द्रावण २४ तासांनंतर ओतून द्या. लहान मुलाला दर जुलाबानंतर ५० ते १०० मिली, दोन वर्षांच्या वरच्याला १०० ते २०० मिली, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. सोबत झिंक चौदा दिवस, रोज २० मिलिग्रॅम. सहा महिन्यांखाली १०. जुलाब थांबले तरी झिंक पूर्ण करायचं.

मेडिकलवर गोड चवीच्या, रंगीत खोक्यांतल्या पेयांनाही लोक ओआरएस समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांनी नावात हा शब्द वापरू नये, असा आदेश अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये काढला. "डब्ल्यूएचओ फॉर्म्युला" लिहिलेलं पाकीटच मागा. जुलाब थांबवणारं लोपरामाइड मुलांना नाही, आणि ताप किंवा रक्त असताना मोठ्यांनाही नाही. डोळे खोल गेले, रडताना अश्रू येईनात, सहा-आठ तास लघवी नाही, मूल मलूल पडलं, तर हॉस्पिटल.

गजकर्ण, नायटा, खाज

इथे मेडिकलचा सगळ्यात मोठा गैरवापर होतो. जांघेत, कमरेला खाज सुटली की "ते चार-पाच औषधांचं मिश्र मलम द्या" अशी मागणी येते. त्या मलमात बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज जाते, माणूस खूश होतो. बुरशी मात्र आत पसरत राहते, आणि मलम सोडलं की दुप्पट जोराने परतते. पुढे कातडी पातळ होते, पांढरे पट्टे पडतात. तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांकडे महिनोन्महिने खेटे घालावे लागतात. अशा स्टिरॉइडच्या मलमांना २०१८ मध्ये चिठ्ठी सक्तीची झाली, तरी मागणी थांबलेली नाही.

ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन वाचलंत तर परत करा. साधं एकाच औषधाचं क्लोट्रिमाझोल मागा. दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या कडेपासून बोटभर बाहेरपर्यंत लावायचं आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं. टॉवेल, अंतर्वस्त्रं वेगळी, गरम पाण्यात धुतलेली, उन्हात कडक वाळवलेली. घरात दुसऱ्या कुणाला असेल तर त्याच्यावरही एकाच वेळी उपचार. दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल, किंवा चट्टा चेहऱ्यावर, डोक्यात, नखात असेल, तर त्वचारोगतज्ज्ञ.

बाकीचं थोडक्यात

झणझणीत मिसळीनंतरच्या जळजळीला अँटासिडचं पातळ औषध पुरतं. पॅन्टोप्राझोल महिनोन्महिने स्वतःच चालू ठेवू नका, ते चिठ्ठीचं औषध आहे. थायरॉइडची गोळी आणि अँटासिड किंवा कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं. डोळे आले असतील तर स्वच्छ पाण्याने पुसणं, हात धुणं. २०२३ च्या साथीत बरेच जण स्वतःच स्टिरॉइडचे थेंब घालून बसले होते, ते नको. डोळा दुखत असेल, उजेड सोसत नसेल, दिसायला कमी झालं असेल, कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर थेट नेत्रतज्ज्ञ. लघवीची जळजळ असेल तर आधी लघवीची तपासणी, मग अँटिबायोटिक.

पिशवी उचलण्याआधी

पुडी घेऊ नका. दोनच गोळ्या हव्या असतील तरी स्ट्रिपचा नाव आणि मुदत दिसणारा तुकडा मागा, नाहीतर स्ट्रिपचा फोटो काढा. किती वेळा, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, आणि "काय झालं तर थांबवू?" हे चार प्रश्न विचारून घ्या, चौथा बहुतेक जण विसरतात. हेच औषध जेनेरिकमध्ये आहे का, ते विचारा किंवा जनऔषधी केंद्रात बघा, किमतीत मोठा फरक पडतो. अनेक नेहमीच्या ब्रँडवर २०२३ पासून क्यूआर कोड आलेत, स्कॅन केल्यावर बॅच आणि मुदत दिसते. बिल घ्याच. बिल नसेल तर परत करण्याचा आणि तक्रारीचा रस्ता बंद.

औषधाने अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, भलताच त्रास झाला, तर गोळी थांबवून डॉक्टरांकडे जा. श्वास लागत असेल तर १०८. नंतर हा दुष्परिणाम १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय टोल फ्री क्रमांकावर रुग्णालाही नोंदवता येतो. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणं, मुदत संपलेला माल देणं, फार्मासिस्टविना दुकान चालवणं यांची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ वर होते. फोन करताना बिल आणि स्ट्रिप समोर ठेवा, बॅच नंबर लागतो.